हद्दीचा दगड

काल माकुणसारच्या वाडीत हद्दीच्या दगडांना चुना मारला. ओल्या चुन्याच्या वासाने स्पेनमधला डोंगर आठवला. चालून तरी आमचं बांधाचं भांडण मिटेल, म्हणून पुतणीने तिच्या बापाला आणि मला त्या जुन्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवर धाडलं होतं. माथ्यावर बोचरा वारा, क्रूस, खाली दगडांची रास. घरून आणलेला दगड तिथे ठेवून मन हलकं करायची रीत. भावाने सॅकमधून दगड काढला. त्यावर आमचाच चुना.

"हा हद्दीचा हाय," मी म्हणालो.

"म्हणून तर आणला. आता भांडण नाय."

त्याने दगड ठेवून हात जोडले. मी तो उचलून आणला.

आज वाटतं, तो खरंच भांडण मिटवत असेल. पण दगड माझ्या बाजूचा होता. काल चुन्याचा पहिला हात त्या दगडालाच मारला. भाऊ पलीकडून बघत होता, म्हणून दुसराही मारला.