घरटी एक माणूस: मुरबाडपलीकडच्या एका लहान गावात

धबधबा, रिसॉर्ट किंवा हुरडा पार्टी शोधत इथे आला असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी मुरबाडच्या पुढे ज्या गावाला गेले, तिथे बघण्यासारखं काही नाही. गावाचं खरं नावही मी देणार नाही. फोटो टाक पण नाव नको, असं तिथल्या लोकांनीच सांगितलं. नाव पसरलं की रविवारी प्लॉट बघणाऱ्यांच्या गाड्या सुरू होतात. आपण त्याला टेंभवाडी म्हणू.

जायचं कारण म्हणजे माझे बाबा. हे त्यांचं गाव. तरुणपणी नोकरीसाठी निघाले, कोपरला घर घेतलं, आणि आता पंचाहत्तरीला आले तरी ‘मी गावी जाऊन राहणार’ हे पालुपद सुटलेलं नाही. दोन खोल्यांचं कौलारू घर तिथे आहेही. पण टेंभवाडीत राहायला नुसतं घर पुरत नाही, विहिरीवर पाळी लागते. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं आणि मग घरवार पाळी लावून भरतात. ती पाळी मिळते गावकीच्या वहीत नाव असलेल्या घराला. वहीत राहायचं तर वर्षातून एकदा, विहिरीचा गाळ काढायला घरटी एक माणूस आलंच पाहिजे. ओळीने तीन वर्षं कोणी आलं नाही की घर वहीतून उतरलं. गुडघ्यांमुळे बाबांची दोन वर्षं हुकली होती. हे तिसरं.

शेवटी मी जाते म्हटलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, पण लग्न होऊन डोंबिवली पूर्वेला गेलेली. लग्न झालेली लेक माहेरच्या घराचं माणूस म्हणून धरतील का, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, घमेलं उचलायला कुठे पासपोर्ट लागतो? बाबांना हसू आलं नाही.

आता रस्त्याचं. कल्याण स्टँडवरून मुरबाडला जाणाऱ्या एसटी बऱ्याच आहेत. सकाळी सहाच्या आसपासची धरा, बसायला जागा मिळते. बाईमाणसाला अर्धं तिकीट, त्यामुळे पूर्ण प्रवास डोंबिवलीतल्या एका कॉफीपेक्षा स्वस्त पडला. शहाड, वरप, कांबा करत बस रायत्याच्या पुलावर येते, खाली उल्हास नदी दिसते, आणि तिथून पुढे हवा जरा बरी लागते. मुरबाड स्टँडबाहेर गरम वडापाव खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून शेअरिंगची जीप. ड्रायव्हर माणसं भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा पाऊण तास धरून चाला.

टेंभवाडीचा भूगोल पाच मिनिटांत संपतो. तिन्ही बाजूंनी टेकड्या, मध्ये वाटीसारखी भातशेती, एका कडेला ओढा, तो एप्रिलमध्ये कोरडा. घरं उतारावर, विहीर सगळ्यांत खाली. मागच्या टेकडीवर चढलं की लांबवर धरणाचं पाणी चमकतं. आमच्याकडे नळाला येणारं पाणी अशाच धरणांतलं असतं, आणि इथले लोक ते टेकडीवरून बघतात. मला तिथे उभं राहून ओशाळल्यासारखं झालं, पण मी फोटो काढलाच.

लोकसंख्येचं सांगायचं तर वेशीवर एक फलक आहे. त्यावरचे आकडे उन्हाने उडालेत आणि कोणाला ते परत रंगवायची गरज वाटलेली नाही. गावाचं गणित माणसांत नाही, उंबऱ्यांत चालतं. बाबांच्या चुलत भावाची सून सुमनवहिनी, जिच्याकडे मी उतरले, तिने एकेक दार दाखवून हिशेब सांगितला: हे दिव्याला गेले, हे कल्याणला, ही म्हातारी एकटीच, हे भिवंडीच्या गोदामात. निम्म्या दारांना कुलूप. पण त्या सकाळी कुलूपवाल्या घरांतलेही लोक बाइक काढून आले होते, जीन्स दुमडून विहिरीत उतरत होते.

पुरुष खाली गाळ भरणार, दोर ओढून घमेलं वर येणार, आणि बायांची साखळी ते शेतापर्यंत पोचवणार. मी साखळीत तिसरी. पहिल्या तासात माझी जिमची सगळी मिजास उतरली. ओला गाळ किती जड असतो हे सांगून समजणार नाही. हातांना फोड आले, साडेअकराला पाठीने जाहीर नकार दिला, तरी मी हलले नाही. खरं सांगते, बाबांचं पाणी माझ्या या दोन हातांवर आहे, हे मनातून जात नव्हतं.

दुपारी विहिरीजवळच्या आंब्याखाली तांदळाची भाकरी आणि वांगं-सुकट झाल्यावर वही निघाली. ती सांभाळतात बाळाकाका, गावातले सगळ्यांत जुने शिकलेले गृहस्थ. ते घराचं नाव वाचत आणि जो आला त्याचं नाव लिहीत. आमच्या घरापाशी त्यांचं पेन थांबलं. चष्म्यावरून बघत त्यांनी सांगितलं की लेकीचा हात तिच्या सासरच्या घराला लागतो, माहेरच्या नाही. नेम त्यांनी केलेला नाही, आधीपासूनच आहे. आवाजात राग नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याची मला भयंकर चीड आली.

सुमनवहिनी ताटं गोळा करत होती. ती तिथूनच म्हणाली, “काका, हिच्या सासरी गाळ काढतात का?”

बाळाकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नाही. सोसायटीला टाकी आहे.”

“मंग हिचा आजचा दिवस कोनच्या घराला लावनार?” वहिनी म्हणाली. “केलेला दिवस बिनघराचा नाय ठेवत आपन.”

हा दुसरा नेम, तितकाच जुना. कोणी काम केलं की ते कुठल्यातरी घराच्या नावे पडलंच पाहिजे. बाळाकाकांनी वहीची मागची पानं चाळली. दोघातिघांनी माना डोलावल्या. मग त्यांनी लिहिलं, आणि वही फिरवून मला दाखवली. बाबांच्या नावावर एक सरळ रेघ होती, पुढे माझं नाव. वहीत घराचं माणूस एकच असतं. पुढच्या वर्षीपासून बोलावणं मला येणार, आणि चुकलं तर जबाबदारी माझी. तांब्यातल्या पाण्याने हात धुताना फोड चुरचुरत होते, आणि मी एकटीच हसत होते.

साडेचारला जीप, पुढे एसटी आणि लोकल धरून संध्याकाळी सातला मी थेट कोपरला उतरले. बाबा दारातच उभे होते. पाळी टिकली म्हटल्यावर खुर्चीत बसले. मग रेघेचं सांगितलं. ते सांगताना मला वाईट वाटत होतं, आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

ते माझे तळहात हातात घेऊन फोड बघत राहिले. “म्हणजे आता तिथे राहायचं तर मला तुला विचारायला लागेल,” म्हणाले.

मी म्हटलं, “बाबा, मे महिन्यात आमच्या गावी राहायला या.”

 त्यांनी विचारलं, किती वाजताच्या गाडीने निघायचं.