गिअरबॉक्समधलं पातळ ऑईल

बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो. सासऱ्यांच्या जीपचा गिअरबॉक्स मी घालवला आणि खापर फुटू दिलं जुन्नरच्या एका मिस्त्रीवर.

डब्यावरच्या चित्रावर त्याचा विश्वास नसे. ऑईल अंगठ्यात नि बोटात चोळायचा, वास घ्यायचा, मगच भरायचा. मी नेलेल्या जीपच्या गिअरबॉक्सचं ऑईल बदलल्यावर त्याने मला बजावलं होतं, "भाऊ, सील जरा गळतंय. कमी झालं तर हेच घट्ट ऑईल घाला. इंजिनाचं पातळ घातलं तर गिअरचे दात खाईल."

ऑईल कमी झालं तेव्हा मी घरात उरलेलं ट्रॅक्टरच्या इंजिनाचं ऑईल ओतलं. परत जुन्नरला कोण जातंय!

लेण्याद्रीच्या रस्त्यावर, गाडीत सासरची माणसं असताना, गिअर अडकला. सासऱ्यांनी जीप ओढून मिस्त्रीच्या दारात नेली आणि भर चौकात त्याला चोर म्हटलं. "आमच्या जावयाला येडा समजलास व्हय रं?"

त्याने गाडीखाली शिरून बोल्ट सैल केला. ऑईल बोटांत चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पावणं, हे मी भरल्यालं न्हाई. कुणी भरलं, तुमीच सांगा."

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

बघे त्यालाच फिदीफिदी हसले. एकालाही ते ऑईल हातावर घेऊन बघावंसं वाटू नये? आणि मी, सगळं ठाऊक असलेला, जावयाचा मान सांभाळत उभा! आजही अंगाचा तिळपापड होतो. पुढे सासऱ्यांच्या गावची, निरगुडसरकडची गिऱ्हाइकं त्याच्याकडे जायची थांबली.

चूक माझी होती, हे त्याच्या दारात, चारचौघांत सांगणं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.