पाय मोडला तर काय

नवापूरच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते, तिथल्या एका मुलीला बारावीत असताना तीन कॉलेजांकडून बोलावणं आलं. ती जिम्नॅस्ट. मी स्वतः खो-खोची खेळाडू, त्यामुळे जिम्नॅस्टिक्स मला शिबिरांत जाऊन आणि मोबाइलवर बघून जेवढं आलं तेवढंच मी तिला शिकवलं. उरलेलं ती आपलं आपण शिकली. राज्य स्पर्धेत बीमवर, म्हणजे वीतभरही रुंद नसलेल्या त्या उंच पट्टीवर, ती दुसरी आली आणि प्रशिक्षकांचे फोन सुरू झाले.

तिघांचं म्हणणं साधारण एकच होतं. क्रीडा कोट्यातून प्रवेश, वसतिगृह, जेवण, सराव. मुलीनं कॉलेजकडून खेळायचं. मी हरखून गेले, तिघांनाही तिच्या सरावाचा व्हिडिओ पाठवला. आमच्या शाळेतून असं कुणी गेलंच नव्हतं. शनिवारी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते गुजरात सीमेवरच्या डोंगरातल्या एका गावचे, नवापूरजवळ कोंबड्यांच्या शेडवर कामाला. मी सगळं समजावून सांगितलं, पुण्याचं कसं, सुरतेकडचं कसं, नाशिकचं कसं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"मॅडम, पाय मोडला तर?"

"कशाला मोडेल, भाऊ? इतकी वर्षं खेळतेय."

"मी ऊसतोडीला जायचो. तिथं कोणाचा हात कापला, कोणी आजारी पडलं, की मुकादम दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून घरी धाडायचा. जेवण कामाला असतं, माणसाला नसतं. ही उड्या मारते म्हणून तिला जेवण देणार. उडी बंद झाली तर कॉलेज पण बंद?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन चिडचिड केली. एवढी संधी आली आहे आणि हा माणूस मोडका पाय घेऊन बसलाय, असं नवऱ्यापुढे म्हणाले. तो भाकरी मोडता मोडता त्यांचीच बाजू घेत म्हणाला, "तो बरोबर बोली ऱ्हायना. तुले माहीत नही, त्येले बी माहीत नही. मंग इचारी ले ना."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिन्ही ठिकाणी फोन करून वडिलांचा प्रश्न विचारला. पुण्याचे सर हसले. "मॅडम, एवढी गुणी मुलगी आणि तुम्ही आत्तापासून असा विचार करता?" म्हणाले आणि त्यांच्या नव्या मॅट्सबद्दल बोलू लागले. सुरतेकडचे म्हणाले, "नियमाप्रमाणे बघू." कोणता नियम, ते मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा तेच सांगितलं. नाशिकला बाई प्रशिक्षक होत्या. त्या म्हणाल्या, "मला हे कुणी विचारलंच नव्हतं. प्राचार्यांशी बोलून सांगते."

चार दिवस फोन नाही. मला वाटलं, संपलं, मीच हातानं घालवलं. पाचव्या दिवशी शाळेच्या ईमेलवर नाशिकहून पत्र आलं. मुलगी जखमी झाली आणि खेळू शकली नाही, तरी परीक्षा पास होत राहिली तर पदवी होईपर्यंत तिचा प्रवेश आणि वसतिगृह कायम राहील. खाली सही, शिक्का.

वडील पुन्हा शाळेत आले. मुलीनं पत्र मोठ्यानं वाचलं. त्यांनी तेवढं वाक्य आणखी एकदा वाचायला लावलं. ते वाचता वाचता ती रडायला लागली. मला वाटलं, आनंदानं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझं मनगट दुखतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. हात टेकला की कळ येते."

तेव्हा होळी जवळ आली होती. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कॉलेजांना व्हिडिओ पाठवला नसता."

खरं होतं ते. त्याहून वाईट म्हणजे, चार महिने ती मनगटाला पट्टी बांधून येत होती आणि मी ती रोज पाहत होते. मला वाटायचं, मोठ्या खेळाडूंचं बघून बांधते. मीसुद्धा तिच्याइतकीच त्या फोनांच्या नादात होते. वडिलांनी तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबत दाबत विचारलं, "इथं? इथं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं नंदुरबारला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "सांध्यावर ताण आलाय. सहा आठवडे या हातावर वजन टाकायचं नाही. लपवून खेळत राहिली असती तर मात्र अवघड झालं असतं." बाहेर येऊन मी बाकावर बसले. मुलीनंच मला नळावरून पाणी आणून दिलं.

पण प्रवेश नक्की होण्याआधी नाशिकला निवड चाचणी द्यायची होती आणि ती तीन आठवड्यांवर होती. माझ्या मनात आलं, आत्ताच सांगायला कशाला हवं? तारीख पुढे ढकलून मागू, घरातल्या लग्नाचं कारण देऊ. मी तसं बोललेही. वडील म्हणाले, "त्या बाईंनी आपल्याला खरं लिहून दिलं. सांगून टाका."

मी स्टेशनच्या बाहेरूनच फोन लावला. बाईंनी एक्स-रेचा फोटो मागितला आणि संध्याकाळी उलट फोन केला. "बरं झालं आत्ता कळलं. चाचणीला घेऊन या. हात न टेकता जे येतं ते बघू."

चाचणीच्या दिवशी हॉलमध्ये दहा-बारा मुली होत्या. कुणी कोलांट्या मारत होतं, कुणी हातांवर चालत होतं. आमची मुलगी बीमवर चढली आणि नुसती चालली, वळली, उडी मारून परत त्याच जागी आली. एका वळणावर डगमगली, सावरली. खाली उतरल्यावर बाईंनी विचारलं,

"पडायची भीती वाटते?"

"वाटते."

"मग काय करतेस?"

"हळू चढते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी आम्हाला आत बोलावलं आणि सांगितलं की पहिलं सत्र मनगट बरं करण्यात जाईल, स्पर्धांचं त्यानंतर बघू. प्रवेश देऊ, निकाल लागला की कागदपत्रं घेऊन या. वडिलांनी मान हलवली. मला काहीतरी छान बोलायचं होतं, पण मी फक्त, "बरं," म्हणाले.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीला डोकं लावून झोपली. वडील आपणहून बोलायला लागले. पिल्लं आली की शेडमध्ये ऊब कशी राखायची, दिवा किती उंचीवर टांगायचा, पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली तर काय समजायचं. साक्री मागे पडलं तरी ते थांबले नव्हते. इतक्या भेटींत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मला कोंबड्यांतलं काही कळत नाही, पण मी प्रश्न विचारत राहिले. विसरवाडीला गाडी थांबली तेव्हा मला एकदम जाणवलं की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी उतरले, गरम भज्यांच्या दोन प्लेट घेतल्या, एक बापलेकीसाठी, आणि मुलीला उठवायला जाण्याआधी दुसरी स्टॉलपाशी उभ्या उभ्याच संपवली.