माघारीचा दात

“मागे घ्यावी लागेल अशा जागी मुळात शिरायचंच कशाला?” मावशी एकदा म्हणाली होती. गाडीबद्दल म्हणाली होती. निदान आम्ही तसं समजावं, अशी तिची इच्छा होती.

मावशी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजते, आपल्या खोलीत कापते, शिवते, आणि पुन्हा जाऊन स्वतः स्टुलावर चढून टांगते. त्यासाठी तिच्याकडे एक म्हातारी गाडी आहे. ड्रायव्हरशेजारची सीट तिने कधीच काढून टाकली. तिथे पडद्यांच्या दांड्या पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत पडलेल्या असतात. सोबत जायचं तर मागे, दांड्यांना मांडी लावून, अंग चोरून बसावं लागतं. मी पुष्कळदा तशी बसले आहे.

गाडीचा रिव्हर्स गेला तेव्हा मावशीने तो दुरुस्त केला नाही. तिने रस्ते बदलले. चढावर नाक वर करून गाडी लावायची, म्हणजे निघताना न्यूट्रलला ती आपसूक मागे घरंगळते. दुकानासमोर जागा असली तरी लांबच्या कोपऱ्यावर थांबायचं आणि कापडाचे गठ्ठे खांद्यावरून आणायचे. अडलंच, तर रस्त्यातल्या कुणाला तरी हाक: “भाऊ, जरा हिचं नाक ढकला.” लोक ढकलत. ती आत स्टिअरिंग धरून अशा ऐटीत बसे, की जणू गाडीच त्या लोकांना ओढते आहे.

आणि आमच्याकडे यायचं तिने सोडलं. आमची गल्ली पुढे बंद आहे. शेवटी भिंत, भिंतीला लागून आमचं दार. आत शिरलेली गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. “रिव्हर्स पडत नाही गं, कशी येऊ?” मावशी मला फोनवर विचारायची. मी ते आईला सांगायचे. आई म्हणायची, “का, पाय गेले का तिचे?”

पण रिव्हर्स गेला तो नंतर. त्याच्या थोडं आधी मावशीने आमच्या पुढच्या खोलीचे पडदे शिवून आणले होते. टांगले, तर ते जमिनीपासून चांगले वीतभर वर राहिले. शेजारणी बसल्या होत्या. आई हसत म्हणाली, “बहिणीच्या घरी कापड वाचवलं वाटतं.” मावशी पुन्हा स्टुलावर चढली, पडदे उतरवले, घडी घातली आणि घेऊन गेली. खालची दुमड धरायची राहिली होती. शिकाऊ मुलीसुद्धा ही चूक करत नाहीत. ती गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधीच तिच्या लक्षात आलं असणार. पण ‘चुकलं’ असं ती म्हणाली नाही, आणि ‘थट्टा केली’ असं आई म्हणाली नाही. सख्ख्या बहिणी, पीळ एकाच सुंभाचा. खिडकी उघडी राहिली.

मग पुढचे गिअरही कुरकुरू लागले. तिसरा टाकला की सुटायचा. मावशी गॅरेजात गेली, तेव्हा मी दांड्यांशेजारी बसून सोबत गेले. मला तिच्याशी बोलायचं होतं आणि वाटेत धीर झाला नव्हता.

गॅरेजवाल्याने गिअरचं तेल परातीत काढलं. त्या काळ्या तेलातून लोहचुंबक फिरवलं आणि कापडाला पुसून मावशीपुढे धरलं.

“माघार घेत नाही म्हणालात गाडी. कधीपासून?”

“झालं वर्ष.”

“आणि तशीच चालवलीत?”

“पुढे जायला काय धाड भरली होती तिला?”

“हा बघा. माघारीच्या गिअरचा दात. तुटला आणि तेलात पडला. तुम्हाला वाटलं, मागे जायचंच नाही, तर बिघडलं कुठे. हा आत फिरत राहिला आणि पुढच्या गिअरांना खात बसला.”

मावशीने तो तुकडा, टाचणी उचलावी तसा, दोन नखांत उचलला आणि उजेडाकडे धरला.

“गिअरची पेटी खोलायची तर खर्च गाडीच्या किमतीवर जाईल,” तो म्हणाला. “खरं सांगू बाई? विकून टाका. नवी घ्या. नवीत मागचं बघायला कॅमेरासुद्धा असतो.”

“मला मान आहे.”

“वळते का पण?” मी मागून म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, “नवी घेतली तर हिचं काय होईल?”

“तोडतील. भंगार.”

“पेटी न खोलता?”

“आता खोलून कोण काय बघणार?”

नवी घेणं शहाणपणाचं होतं. दांड्या टपावर बांधता आल्या असत्या. मी ते बोलणार होते, पण तोंडातून निघालं ते दुसरंच. “आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. उजेड सोसत नाही. खिडकीला चादर खोचलीय.”

“मग शिवून घ्या ना पडदे. शिवणारे काय कमी आहेत?” मावशी म्हणाली.

“घेत नाही. म्हणते, परक्यांच्या हातचं नको.”

मावशीने तो दात मुठीत धरला. गॅरेजवाला हात पुसत उभा राहिला.

“खोला,” ती म्हणाली.

“परवडायचं नाही, बाई.”

“कळतंय मला. खोला.”

त्यानंतर एका दुपारी गल्लीत गाडी शिरल्याचा आवाज आला आणि थेट भिंतीपाशी थांबला. आई काळा चष्मा लावून खुर्चीत बसली होती. “कोण गं?” तिने विचारलं. ते इंजिन ती झोपेतही ओळखते.

मावशी आत आली. स्टूल ओढलं, वर चढली, चादरीची एक बाजू सोडली. उजेड आला, आईने डोळ्यांवर हात घेतला. तशी मावशी अंग सरकवून उजेडाच्या आड उभी राहिली आणि वरून टेप सोडली. टेपेचं टोक जमिनीवर हलत होतं. आई उठली, भिंत चाचपत आली, खाली बसली आणि तिने ते टोक फरशीशी घट्ट धरलं.

“दुमड धर,” आई म्हणाली.

वर मावशीचा हात थांबला. मग तिने टेप आणखी सोडली. वीतभर पट्टी आईच्या बोटांवर येऊन पडली. आईने ती चाचपली, पुन्हा चाचपली आणि मान हलवली.

मावशी उतरली. चादर होती तशी खोचली, टेप गुंडाळून खिशात टाकली आणि बाहेर जाऊन गाडीचा रिव्हर्स टाकला.