काशप्पाची दुसरी माती

मल्लेश्वरी कलबुर्गीला काय शिकते, हे हळ्ळीखेडात कुणालाच धड कळलं नव्हतं. कायदा आणि बायोमेडिकल सायन्स, दोन्हीची मिळून एकच पदवी. गावानं आपल्या परीनं अर्थ लावला, पोरगी अर्धी डॉक्टर, अर्धी वकील. ती सुट्टीला आली की एक जण जीभ बाहेर काढून उभा, दुसरा शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, घेऊन. "काका, मी औषध देणार न्हाई. रोग कशानं झाला ते तपासायला शिकायलेय," असं ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगायची. मी किराणा विकणारा माणूस, मान डोलवायचो. तिचा बाप काशप्पा मात्र भेटेल त्याला सांगायचा, "माझी लेक दोन्हीकडून धरती. सुटंल कोण?"

काशप्पा कोळारला औषधाच्या एका कारखान्यात कामाला होता. एका सकाळी कारखान्याच्याच गाडीतून त्याचं प्रेत आलं. सोबतचा साहेब 'हार्ट अटॅक' म्हणाला, हार घातला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. काशप्पाचे ओठ निळे पडलेले मीही पाहिले. पण त्या लिंगायत घरात माणूस गेला म्हणजे लिंगैक्य झाला, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. आंघोळ घातली, भस्म लावलं, मांडी घालून बसवलं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि दुपारी शेतात तसाच बसता पुरला. मल्लेश्वरी परीक्षेला बसली होती, फोन बंद. ती पोचली तेव्हा मातीच्या शेवटच्या पाट्या पडत होत्या.

"पोस्टमार्टम केलं का?" हा तिचा पहिला प्रश्न. मला रागच आला. बापाच्या मातीवर कुणी असं विचारतं? मग तिनं ओठांचा रंग विचारला आणि मी खाली बघत 'निळा' म्हणालो.

कारखान्यातल्या विषारी वायूनं बाप गेला, असा तिला संशय. कारखाना म्हणाला, पुरावा दाखवा. पुरावा तर मातीत मांडी घालून बसला होता. तो उकरून काढायला सरकारी परवानगी मिळते, हे तिला ठाऊक होतं. तिची आई लिंगम्मा पिसाळली. "बसलेल्या माणसाला उठवायलीस व्हय गं? कामून? त्यानं शिकिवलं म्हणून?"

"अव्वा, तिथं आजून माणसं कामाला हाईत."

"माझं एकच होतं."

मल्लेश्वरीनं तरीही अर्ज केला. साहेबलोक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवत राहिले आणि परवानगी यायला अख्खा पावसाळा उलटला. काळ्या रानात पाणी मुरून चिखल झालेला. उकरायला लागले तेव्हा आम्ही सगळे लांब, खड्ड्याच्या काठाला ती एकटी उभी राहिली. उशीर झाला की मातीत काय होतं, हे तिथल्या सगळ्यांत तिलाच जास्त माहीत होतं. पुढं अहवालात आलं, मृत्यूचं कारण सांगता येत नाही.

उकरलं त्याच दिवशी स्वामींनी पुन्हा माती द्यायला घेतली, पण काशप्पाला आता बसवता येईना. होतं ते कापडात बांधून आडवं ठेवलं. लिंगम्मा मूठभर मातीही न टाकता घरी गेली आणि लेकीशी बोलायची बंद झाली. पोरगी कॉलेजला परत गेली. रविवारी माझ्या फोनवर फोन करून "अव्वा जेवायलीय का?" एवढंच विचारायची. मला तिची फार कणव यायची. बाप गेला आणि आई असून नसल्यासारखी.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या महेशकुमारचं प्रेत आलं. तोच कारखाना, तोच साहेब, तोच हार. आंघोळीचं पाणी तापत होतं. इतके दिवस उंबरा न ओलांडलेली लिंगम्मा गर्दीतून आत आली आणि चुलीवरचा हंडा तिनं पदरानं धरून खाली उतरवला.

"न्हाऊ घालू नका," ती म्हणाली. "आधी तपासू द्या, मग बसवा."

ती माझ्याकडं वळली.

"व्यंकटअण्णा, माझ्या लेकीला फोन लावा. या बारीला उशीर करू नगं म्हणावं."