जेवून आलेली अक्षरं

"अक्षरं जेवून आलेली दिसतायत," समोरचा स्टेशनरीवाला रिक्षावाल्याला म्हणाला. "आणि पोटभर!"

दोघं हसले. मी आत्याच्या लॅबच्या पायरीवर उभी होते. हडपसरच्या त्या गल्लीत आत्यानं रक्त तपासणीची लॅब नुकतीच उघडली होती आणि बोर्ड मी केला होता. माझं काहीतरी रस्त्यावर लागण्याची ती पहिलीच वेळ. "लोक सुईला घाबरतात गं. घाबरणार नाहीत असं काहीतरी कर," एवढंच ती म्हणाली होती. मी कॉम्प्युटरवर सगळ्यात जाड, गोल अक्षरं निवडली. कुठेही टोक नाही, 'प'चं पोट सुटलेलं, शिरोरेषा उशीसारखी फुगलेली. रंग पिवळा आणि गुलाबी. मैत्रिणींनी फोटो पाहून 'क्यूट' लिहिलं. आत्या खूश होती. मग स्टेशनरीवाला का हसत होता? की तेही कौतुकच होतं? पुण्यात हे मला कधीच ओळखता येत नाही.

तेवढ्यात त्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजींकडे लक्ष गेलं. त्यांना गल्लीतून दोनदा जाता-येताना मी पाहिलं होतं. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मी रस्ता ओलांडून गेले, पण काय विचारावं ते सुचेना. त्याच बोलल्या.

"बाई, इथं रगत कुठं तपासत्यात? मांजरी गावावनं आलेय, उपाशीपोटी. आता गरगरतंय."

मी बोर्डाकडे बोट दाखवलं.

"ते व्हय? ते बारशाचं सामान हाय ना?" त्यांनी डोळे बारीक केले. "मला वाचाया येत न्हाई. पर दवाखान्याचं अक्षर लांबनं वळखू येतं. उभं, सरळ असतं. ते दिसलं की जीवाला बरं वाटतं."

मी गोंधळले. लोक घाबरतील म्हणून जी अक्षरं मी टाळली, तीच या शोधत होत्या. मी इंग्रजी शाळेतली. मराठी पाट्या मीही वाचण्याआधी त्यांच्या आकारावरूनच ओळखते. मग हे मला कसं सुचलं नाही? की एकट्या आजींचंच तसं होतं, आणि बाकीच्यांना बोर्ड खरंच आवडला होता?

मी हात धरून त्यांना आत नेलं. आत्यानं चिठ्ठी पाहिली, मग घड्याळ.

"अहो आजी, साडेअकरा वाजले! शुगर आहे तुम्हाला, इतका वेळ उपाशी राहतात का? कुठे होतात?"

"घावलं न्हाई," आजी खाली मान घालून म्हणाल्या.

"एवढा मोठा बोर्ड लावलाय समोर! तो दिसला नाही?"

आजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, जणू चूक त्यांचीच होती. आत्यानं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. मी दाराशी उभी होते. गप्प राहिले असते तर बोर्ड राहिला असता, आणि बोलणी आजींना बसली असती. माझं नेमकं काय चुकलं, ते मला अजूनही नीट सांगता आलं नसतं.

"आत्या," मी म्हणाले, "त्यांना दिसला होता. तो लॅबचा वाटतच नाही. त्यांना रागावू नकोस, बोर्ड मी केलाय."