आईच्या दातांचा फोटो

"हिचा ओठ वर ओढून धर आणि जवळून फोटो काढ," मॅडम मला म्हणाल्या. "टिपिकल मशेरीचं तोंड आहे. तंबाखूविरोधी पोस्टरला असंच पाहिजे."

खुर्चीवर माझी आई होती. मॅडमना ते माहीत नव्हतं.

शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर मुली उभ्या होत्या. एक मास्कआड हसली. डोळ्यांवरून कळतं. मॅडम आरसा फिरवत त्यांना आईच्या हिरड्या दाखवत होत्या. "या बायकांना कितीही सांगा. उठल्या की तव्यावर तंबाखू भाजणार आणि दातांना फासणार. स्वच्छता यांच्या रक्तातच नाही."

आई आ करून पडली होती. तोंडात आरसा. ती काय बोलणार?

एकमेकींना ओळख दाखवायची नाही, हे आईनेच आदल्या दिवशी ठरवलं होतं. तिची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. मी म्हटलं, आमच्या क्लिनिकला ये. "येते," ती म्हणाली. "पर तितं मला वळखू नको. तुजी इज्जत हाय तितं." आणि खरंच दारातून आत आली तीच, "ओ मॅडम, माजा नंबर लावा की," म्हणत. मला. पोटच्या पोरीला मॅडम.

आई विड्या वळते. सकाळी मांडीवर सूप घेतलं की संध्याकाळपर्यंत उठत नाही. मशेरीने भूक मरते, दाढ बधिर होते, म्हणून लावते. तंबाखूने तिच्या हिरड्या खाल्ल्या, हे मला दिसतं. तिलाही दिसतं. आमच्या घरी आरसा आहे.

त्याच विड्यांवर मी इंग्रजी शाळेत शिकले. त्या इंग्रजीसाठी मॅडमनी मला क्लिनिकच्या काउंटरवर ठेवलं. मी कमी बोलते. बघते. इंग्रजी बोलणारा पेशंट आला की मॅडम सांगायच्या, मऊ ब्रश घ्या, फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या, कुठलीही चालेल, झोपताना घासायला विसरू नका. झालं. फुकटचा, खरा सल्ला. डोक्यावर पदर घेतलेली बाई आली की मला खूण. मग मी काचेच्या कपाटातून कोळशाची महागडी काळी पेस्ट काढून विकायची. "डाग जातील, मावशी." खोक्यावरचं बारीक इंग्रजी मी वाचलं होतं. त्यात फ्लोराइड नव्हतं. म्हणजे डाग घासायचे आणि कीड तशीच. मशेरी सोडा आणि हे काळं लावा.

मॅडमच्या स्वतःच्या बेसिनवर कुठली पेस्ट होती? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते ती. फ्लोराइडची. त्यांना कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं.

"अगं, काढ ना. माझ्या हातात ग्लोव्हज आहेत."

क्लिनिकचा फोन माझ्या हातात होता. स्क्रीनवर आईचं तोंड. तिने माझ्याकडे बघितलं आणि बुबुळं डावी-उजवीकडे हलवली. बोलू नको. नोकरी जाईल.

मी फोन ट्रेमध्ये ठेवला.

"मी काढणार नाही. ही माझी आई आहे."

मॅडमनी आरसा बाहेर काढला. थोडं हसल्या. "मग आधी सांगायचं ना. तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." माझं कौतुक केल्यासारखं. मग हळूच, "आणि फोटोत चेहरा येणार नाही गं. कुणाला कळतंय?"

आई उठून बसली. चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

"डॉक्टरीणबाई, लई येळ झाला मी हितं पडलीय. काय दुखतंय ते काय तुमी इचारलं न्हाय."

शिकाऊ मुलींनी माना खाली घातल्या. मॅडम मला म्हणाल्या, "हिला बाहेर ने. ती काळी पेस्ट दे, सवलतीत."

"ती नाही देणार. तुमच्या बेसिनवर जी आहे, तीच आई वापरेल."

बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. एकीच्या हातात ते काळं खोकं होतं. मी मोठ्याने सांगितलं, "मावशी, हे परत करा. फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या, कुठल्याही दुकानात मिळते. ब्रश मऊ. रात्री झोपतानाही घासायचं. मॅडम स्वतः हेच वापरतात."

मॅडम दारात आल्या. "उद्यापासून येऊ नको."

रिक्षात आई दुसरीकडे तोंड करून बसली. "गेली की गं नोकरी. एक फोटूच तर हुता." मला तिचाही राग आला होता. इतकं सोसायची सवय तिला ज्यांनी लावली, त्यांचा तर जास्तच.

दाढ सरकारी दवाखान्यात काढली. मशेरी अजून सुटलेली नाही. मी ओरडत नाही. ब्रश तिच्या हाताशी ठेवते.

परवा दुसऱ्या एका दवाखान्यातून नोकरीसाठी फोन आला. माझं इंग्रजी त्यांना आवडलं. घरी कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, आई. विड्या वळते, मशेरी लावते. पलीकडचा माणूस अडखळला. त्याला अवघड वाटू नये म्हणून मी शब्द फिरवले नाहीत. ज्यांना माझं इंग्रजी पाहिजे, त्यांच्या दारातून माझी आई माझी आई म्हणूनच आत येईल. तसं जमत नसेल, तर मी त्यांच्या काउंटरवर बसणार नाही.